ठकुबाईच्या फोनवरून गेलेली पत्रिका

कामतघरच्या आगरी वस्तीत लग्न ठरलं की हॉलवाल्याला आणि डीजेवाल्याला नंतर विचारतात, आधी ठकुबाईला विचारतात. विचारत होते, असं म्हणायला हवं आता. ठकुबाई धवलारीण. म्हणजे मांडव घालण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीला जी बाई धवले गाते, ती. भटजी मंत्र म्हणतो, दक्षिणा घेतो आणि पुढच्या लग्नाला पळतो. धवलारीण हळदीला असते, देव बसवायला असते, उंबराची डहाळी आणायला असते. तिनं गायल्याशिवाय तिकडच्या म्हाताऱ्यांना लग्न लागल्यासारखंच वाटत नाही.

आणि ठकुबाईचा आवाज! तरुणपणी ती लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. तिथं शेजारच्या बाईकडे पाणी मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे, असा खडखडाट. त्या खडखडाटात सासूकडून शिकलेले धवले ती घोकायची. त्यामुळे मांडवात तिनं तोंड उघडलं की माईक नको, काही नको. हळदीचा डीजे किती का धिंगाणा घालेना, ठकुबाई पाटावर येऊन बसली की पोरं आपण होऊन तो बंद करत.

धवल्यात नावं घ्यायच्या जागा असतात. नवरीचं नाव, नवऱ्याचं, आईबापाचं, आजीचं, गावदेवीचं. सूर तोच, शब्द तेच, पण नावं त्या त्या घरची. ठकुबाईला लिहिता-वाचता येत नाही. हळदीच्या आधी ती त्या घरी जाई, नवरीच्या आजीजवळ बसून सगळी नावं विचारून घेई आणि पुन्हापुन्हा म्हणून बघे. हयात माणसांचीच नावं घ्यायची, हा तिचा दंडक. एकदा चुकून एका गेलेल्या आजोबांचं नाव तोंडून निघालं, तर बाईनं भर मांडवात गाणं थांबवलं, नवरीवर पाणी शिंपडलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. वऱ्हाड उपाशी ताटकळलं, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

आणखी एक रीत होती, आणि तिनंच घात केला. धवलारणीला आवतण द्यायला घरातलं माणूस पानसुपारी आणि नारळ घेऊन येतं. ते दोन्ही हातांनी घ्यायचं. कोणाचं लगीन, कधी, काय देणार, असलं काही आधी विचारायचं नाही. आणि 'न्हाय' तर म्हणायचंच नाही. लग्नाच्या आवतणाला न्हाय म्हटलं की गळ्यातला सूर जातो, असं सासूनं तिला बजावलेलं. कोरोनात लोकांचं येणंजाणं बंद पडलं, तेव्हापासून पत्रिका आधी फोनवर येऊ लागली आणि पानसुपारी मागाहून. सुनेनं, करिष्मानं, तिला शिकवलं होतं, "आई, गणपतीचं चित्र दिसलं की त्याच्याखाली बोट ठेवायचं, पत्रिका उघडते." ठकुबाईला त्याचं भारी कौतुक. बोट ठेवायच्या आधी ती फोनला कपाळ लावायची.

अशी ही ठकुबाई त्या साली एकाच लग्नाकडे डोळे लावून बसली होती. पुतळाबाईची नात, पूर्वी, हिच्या लग्नाकडे. पुतळाबाई म्हणजे ठकुबाईची कांड्या भरायच्या दिवसांपासूनची मैत्रीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. पुतळाच्या लग्नात ठकुबाई सासूच्या मागे बसून पहिल्यांदा गायली. पुतळाच्या मुलाच्या, केसरीनाथच्या लग्नात एकटीनं गायली. आता केसरीनाथची लेक बोहल्यावर उभी राहणार होती. ठकुबाईला हल्ली दम लागायचा, लांब ओळ एका श्वासात निघत नसे. "पूर्वीचं लगीन गाते, मग गला मिटला तरी चालंल," असं ती येताजाता म्हणे. सुपारी अजून यायची होती, पण ती काय, घरचंच काम.

आणि एका दुपारी फोन वाजला.

पत्रिका आली होती. वाचता येत नसलं तरी पाठवणाऱ्याच्या नावाशेजारच्या फोटोतले दाजी तिनं ओळखले, ट्रकपुढे कमरेवर हात ठेवून उभे असलेले. दाजी दापोड्याचे, ट्रान्सपोर्टचा धंदा. त्यांच्या लेकीच्या, उन्नतीच्या लग्नात ठकुबाईच गायली होती. दाजींची आई कमळाबाई तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसून ओळीओळीला मान डोलवत होती. पुढच्या उन्हाळ्यात बिचारी गेली. आता दाजींकडे पुन्हा काही निघालं असेल, पुतण्याचं वगैरे, असं ठकुबाईला वाटलं. वर गणपती होता. तिनं फोन कपाळाला लावला आणि खाली बोट ठेवलं.

पत्रिका काही उघडेना. उलट फोनच काहीबाही विचारायला लागला. खाली दोन बटणं. करिष्मा गोदामात ड्युटीवर, घरात विचारायला कोणी नाही. ठकुबाईनं मनाशी म्हटलं, आवतण आहे, न्हाय कसं म्हणायचं? तिनं उजवीकडचं बटण दाबलं. फोननं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा दाबलं. तो विचारत गेला, ही हो म्हणत गेली. शेवटी काहीच उघडलं नाही, तेव्हा 'दाजी येतील सुपारी घेऊन, तवा समजंल' म्हणून तिनं फोन उशाशी ठेवून दिला.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला अक्कल नको का? हसा खुशाल, हसायला काय जातंय. अनोळखी फोनवर बोलायचं नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला आकडा सांगायचा नाही, हे करिष्मानं तिला शंभरदा पढवलं होतं आणि ठकुबाई ते पाळत होती. लॉटरी लागली म्हणणाऱ्या एकाला तर तिनं अशा काही शिव्या घातल्या होत्या की मेल्यानं पुन्हा फोन केला नाही. पण हे अनोळखी नव्हतंच ना! ओळखीच्या माणसाच्या फोनवरून आलेलं, लग्नाचं आवतण, गणपतीसकट. चोरांना माणसं बरोब्बर ठाऊक असतात. पत्रिका नव्हतीच ती. फोनच्या आत शिरून बँकेचे येणारे आकडे परस्पर चोरांना पोचवणारं अ‍ॅप होतं. ते दाजींच्या फोनात आधीच शिरलेलं, त्यांनाही पत्ता नव्हता. आणि ठकुबाईच्या फोनात शिरल्याबरोबर त्यानं तिच्या ओळखीच्या यच्चयावत माणसांना तीच पत्रिका तिच्या नावानं धाडली. धवलारणीच्या फोनात कोण असणार? ज्यांच्या घरची लग्नं गायली, ती सगळी घरं. धवलारणीकडून पत्रिका आली तर कामतघरात ती उघडायची कोण थांबेल, तुम्हीच सांगा.

एक माणूस थांबलं. दिवे लागल्यावर पुतळाबाईचा फोन आला.

"काय गो ठकू, पत्रिका पाठवलीस मना? कोनाचं लगीन?"

ठकुबाई गोंधळली. तिनं कोणालाच काही पाठवलं नव्हतं. मग तिला वाटलं, दाजींनी सगळीकडेच पाठवली असेल, फोनात कोणाचं नाव दिसेल काय नेम.

"दाजींकडची हाय वाटतं. मना पन आयलीय."

"केसरीनाथ बोल्लाय, असलं काय उघडू नको. बँकेचं सगलं याच फोनवर येतं. पन तुझ्याकडून आयलीय म्हून इचारते. उघडू काय?"

"उघड गो! लगनाची पत्रिका ती, चावते काय? फोन काय इचारंल त्याला हो कर. मी पन केलं."

"बरं," पुतळाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

चांगली शहाणी बाई, पुतळाबाई. मुलाचं ऐकून थांबली होती, विचारल्याशिवाय बोट लावलं नव्हतं. सगळं बरोबर केलं तिनं, फक्त विचारलं ते ठकुबाईला. तिच्या फोनवर काय येत होतं तेही सांगायला हवं. शेताचा शेवटचा तुकडा गोदामवाल्याला विकला होता. ते पैसे तिच्याच नावावर होते, पूर्वीच्या लग्नाला म्हणून राखलेले, आणि बँकेत नंबर तिचाच दिलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी करिष्माला माहेराहून फोन आला, "तुझ्या सासूनं कसली पत्रिका पाठवलीय? उघडतच नाही." करिष्मानं सासूचा फोन हातात घेतला आणि तिचा चेहराच उतरला. तिच्या गोदामातल्या एका बाईचं असंच झालं होतं. तिनं पहिल्यांदा फोनचं इंटरनेट बंद केलं, सिम काढलं, स्वतःच्या फोनवरून सायबर चोरीच्या १९३० नंबरावर तक्रार दिली, बँकेला कळवलं. ठकुबाईच्या खात्यातलं किडुकमिडुक तोवर गेलेलंच होतं. पण करिष्मा सासूला एका शब्दानं टाकून बोलली नाही. तिनं नात्यातल्या ग्रुपवर 'पत्रिका उघडू नका' असं टाकलं आणि सासूसमोर येऊन बसली.

"आई, नीट आठवा. वाचता न येणारं कोणी आहे का? कोणी तुम्हाला फोन करून विचारलं का, उघडू का म्हणून? आत्ता कळवलं तर त्यांचे पैसे वाचतील."

ठकुबाईच्या ओठावर पुतळाचं नाव आलं आणि तिथंच अडकलं. पुतळाला सांगायचं म्हणजे केसरीनाथला कळणार. केसरीनाथला कळलं की संपलंच, सुपारी कसली येतेय! आणि पुतळानं उघडलीच असेल कशावरून? म्हातारीला कुठं जमतंय, ठेवून दिली असेल. जीव असा टांगणीला लागला की माणूस काय काय स्वतःला पटवून देतं.

"न्हाय," ठकुबाई म्हणाली. "कोनाचा न्हाय आयला फोन."

सुनेनं विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? ही बाई कधी खोटं बोललेली तिनं पाहिलेलं नव्हतं.

पुतळाबाईच्या खात्यातले पैसे गेले ते त्याच दुपारी. पोलीस ठाण्यात सायबरचं काम बघणारी बाई केसरीनाथला नंतर म्हणाली, "सकाळी कळवलं असतंत तर बँकेत अडवता आले असते. आता बघू या काय होतंय." ते 'बघू या' म्हणजे काय, हे त्यालाही कळलं आणि तिलाही. तो घरी आला आणि आईवर असा काही तुटून पडला की गल्लीतल्या लूमच्या आवाजावरून त्याचा आवाज ऐकू गेला. पोरीच्या लग्नाचं वाटोळं केलंस, सांगितलेलं कळत नाही तर फोन हवा कशाला, म्हणून त्यानं तो फोन भिंतीवर आपटला. "कोणी सांगितलं होतं उघडायला?" असं त्यानं विचारलं. पुतळाबाई खाली मान घालून म्हणाली, "कोनी न्हाय. माझंच बोट गेलं."

हे सगळं शेजारणीनं येऊन ठकुबाईला जसंच्या तसं ऐकवलं. माझंच बोट गेलं, असं म्हणाली पुतळा!  ठकुबाईला समजलं की आपलं नाव कुठंच आलेलं नाही. गप्प बसलं तर सुपारी येईल. लग्न हॉलऐवजी दारात होईल, डीजे नसेल, जेवणाच्या पंगती कमी उठतील, पण धवले होतील. पाट मांडतील, ती बसेल, गाईल. फक्त पुतळा तिकडे दिवसरात्र शिव्या खात बसेल. ठकुबाईला जेवण जाईना. करिष्मानं दोनदा ताट वाढलं आणि दोनदा उचललं.

शेवटी ती उठली आणि गेली. पुतळाच्या दारात तांदूळ निवडायला बायका बसलेल्या, पूर्वी त्यांच्यात. केसरीनाथ मोबाइलवर हॉलवाल्याशी घासाघीस करत होता, आगाऊ दिलेले पैसे परत मागत होता. पुतळाबाई भिंतीला टेकून बसलेली, कोणी तिला कामाला हात लावू देत नव्हतं.

"केसरीनाथ," ठकुबाई उभ्याउभ्याच म्हणाली, "आयशीला बोलू नको. तिनं मना इचारलं होतं. मीच बोल्ली, उघड. आनि सकाली करिष्मानं इचारलं तवा मी लपवलं. तवा बोल्ली असती तर तुझं पैसं ऱ्हायलं असतं."

बायकांचे हात थांबले. पूर्वीनं आधी आजीकडे पाहिलं, मग ठकुबाईकडे, आणि सूप तसंच ठेवून आत निघून गेली. केसरीनाथ ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फोन खिशात टाकला आणि हात जोडले.

"काकू, झालं ते झालं. या तुम्ही आता."

ती फिरली. गल्लीच्या तोंडाशी पुतळाबाईनं धापा टाकत तिला गाठलं आणि दंडाला धरून गदागदा हलवलं.

"कनाला बोल्लीस गो? मी खाल्ल्या असत्या शिव्या! मना सवय हाय. आता तुना कोन बोलवंल?"

"माझ्यापायी तू शिव्या खाशील आनि मी तुझ्या मांडवात बसून गाऊ काय?"

"मग माझ्या पूर्वीला कोन गाईल?" असं म्हणून पुतळाबाई तिथंच रस्त्यात रडायला लागली.  मागून केसरीनाथनं हाक मारली तशी पुतळाबाई पदरानं तोंड पुसत परत गेली.

पुढे काय व्हायचं ते झालंच. चोर कुठं बसलाय कोणाला ठाऊक, त्याला ना नाव ना गाव. मग लोकांनी राग काढायचा कोणावर? दाजींना कोणी ब्र काढला नाही. दारात ट्रक उभे असलेल्या माणसाला कोण बोलणार! ते टपरीवर चहा पितापिता 'मी पण फसलो यार' म्हणून सांगत फिरले आणि लोकांनी त्यांना दुसरा चहा पाजला. ठकुबाई मात्र अपशकुनी ठरली. जिच्या हातून आलेल्या पत्रिकेनं घर धुऊन नेलं तिला मांडवात कशाला, असं बायका बोलू लागल्या. ज्यांचा छदामही गेला नव्हता त्यांनीही तिचा नंबर काढून टाकला. एका घरानं तर दिलेली सुपारी माणूस पाठवून परत मागितली. असं कधी कोणी ऐकलंय? ठकुबाईनं आतून नारळ आणून दिला, वर पाण्याचा तांब्याही दिला. करिष्मानं त्या माणसामागे दार आपटलं. "त्या चोरांना सोडून तुमच्या मागे लागलेत सगळे," ती म्हणाली. ठकुबाई म्हणाली, "चोर त्यांना दिसत न्हाय बाय, मी दिसते."

तरी ती वाट बघत होती, हे सांगितलंच पाहिजे. पूर्वीच्या लग्नाची तारीख जवळ आली तशी ती उंबऱ्याशी बसू लागली. गल्लीत कोणाच्या हातात पिशवी दिसली की तिची मान वर व्हायची. केसरीनाथनं दुसरी धवलारीण शोधली म्हणे, पण उरल्यात किती आता! जी सापडली ती अंथरुणाला खिळलेली निघाली. हे कानावर आल्यावर ठकुबाईनं ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. करिष्मानं ते संध्याकाळी घडी करून तिच्या उशाशी ठेवलं.

मांडवाच्या सकाळी ठकुबाई अंघोळ करून बसली होती. दोन गल्ल्या पलीकडून स्पीकरवरची सनई ऐकू येत होती. सनई थांबली. मग एकाएकी धवला सुरू झाला.

आवाज तिचा होता. ती चटकन उठून उभी राहिली, लुगड्याकडे हातही गेला. क्षणभर तिला खरंच वाटलं की आपण तिथं आहोत, आपल्याला नेलंय. मग करिष्मा आतून आली आणि कान देऊन ऐकत म्हणाली, "आई, हे रेकॉर्डिंग आहे. उन्नतीच्या लग्नातलं. कोणीतरी फोनवर घेतलं होतं ना, तेच स्पीकरला लावलंय. दार लावू का?"

"ऱ्हाऊ दे," ठकुबाई म्हणाली.

ती ऐकत राहिली. तेव्हाचा आवाज चांगला होता, दम पुरत होता. मग नवरीच्या नावाची जागा आली आणि स्पीकर म्हणाला, उन्नती.

"अगो, पूर्वी," ठकुबाई पुटपुटली. "पूर्वी बोल."

पुढच्या ओळीत पुन्हा उन्नती. नवऱ्याच्या जागी उन्नतीचा नवरा, बापाच्या जागी दाजी. केसरीनाथच्या मांडवात दाजींचं नाव! आणि कोणी थांबवत नव्हतं. तांदूळ टाकत असतील, फोटो काढत असतील, गाण्यातल्या नावांकडे कोण लक्ष देतंय. ठकुबाईला ओळींचा क्रम पाठ होता. बाप झाला, आता आई, आणि आईनंतर आजी.  ती धडपडत उंबऱ्याबाहेर गेली.

"आई, कुठं निघालात?" करिष्मा मागून धावली.

आजीच्या नावाची जागा आली. कमळाबाई, असं ठकुबाईचा आवाज खणखणीत म्हणाला. पुतळाच्या मांडवात, पुतळाच्या जागी, मेलेल्या बाईचं नाव. जिवंत पुतळा तिथं कुठल्यातरी कोपऱ्यात बसून ते ऐकत असणार.

"पुतला!" ठकुबाई गल्लीत उभी राहून ओरडली. "पुतला म्हना रं! पानी शिंपडा! पयल्यापासून घ्या!"

तिला धाप लागली, शब्द तुटायला लागले. करिष्मानं तिला मागून धरलं. ती पुन्हा ओरडली, मग पुन्हा. शेजारच्या कारखान्यातला एक कामगार दारात येऊन बघून गेला. पण लूम चालू होते, आणि स्पीकरवरची ठकुबाई तिच्यापेक्षा कितीतरी मोठ्यानं गात होती. मांडवापर्यंत काहीच ऐकू गेलं नाही.